दगडी जेटीलगतचा किनारा आणि सोबत मुलं : तुमचे अनुभव लिहा

खाडीच्या तोंडाशी समुद्रात लांबवर गेलेला दगडांचा बांध आणि त्याच्या कुशीत पसरलेली पुळण. मुलांना न्यायला मला अशीच जागा आवडते. लाटा बेताच्या, वाळू ऐसपैस, आणि ओहोटीला दगडांत बघायला पुष्कळ काही. मात्र मागच्या खेपेला तिथेच माझी सात वर्षांची लेक गुडघाभर पाण्यातून बांधाकडे सरकत गेली. ती चालत नव्हती, पाणी तिला नेत होतं. मी धावत जाऊन तिला धरलं, पण तेव्हापासून त्या जागेकडे वेगळ्या नजरेने बघते. तुम्ही अशा किनाऱ्यावर गेला असाल तर लिहा. कुठे बसलात, मुलांना काय दाखवलंत, कुठे धस्स झालं, सगळंच.

*

ताई, तुमच्या मुलीला ओढणारं पाणी लाटांचंच होतं. बंदराच्या बांधकामांवर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाटा किनाऱ्यावर तिरक्या आल्या की पाणी किनाऱ्याला धरून एका दिशेने वाहू लागतं. वाटेत दगडी बांध आडवा आला की त्याला पुढे जाता येत नाही, मग ते बांधाला घासून थेट समुद्राकडे वळतं. म्हणून उघड्या पुळणीवर परतीचा प्रवाह आज इथे तर उद्या तिथे असतो, पण बांधाशेजारी तो वारंवार त्याच जागी सापडतो. जोरात असला तर त्याचा वेग सेकंदाला 2 मीटरच्याही पुढे जातो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो कापता येत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याची सूचना आहे की बांधापासून निदान 100 फूट, म्हणजे साधारण 30 मीटर, लांब राहा. मी नातवंडांसाठी तेवढी पावलं मोजून वाळूत काठी रोवतो.

वाळूचंही तसंच. वाहत येणारी वाळू बांधाच्या एका अंगाला अडते, तिथे पुळण रुंद आणि उथळ होते. दुसऱ्या अंगाला वाळूची उपासमार होते आणि किनारा झिजतो. मुलांना घेऊन बसायचं ते रुंद अंगाला. आणि दोन बांधांमधल्या बोटींच्या वाटेत तर पाऊलही घालू नये. बोटी जाव्यात म्हणून ती खोल राखलेली असते, आणि ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी तिथूनच बाहेर धावतं.

*

मी आजी. आमचा आनंद ओहोटीचा. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी पोचायचं, म्हणजे पाणी उतरताना आपण दगडांशी असतो आणि भरती लागली की परत फिरतो. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे कालची वेळ आज धरून चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त खाली जातं आणि तितकंच जास्त वरही येतं.

बांधाच्या पायथ्याशी साचलेल्या डबक्यांत काय नसतं! रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा, दगडाला चिकटलेली कालवं, आणि समुद्रफूल. समुद्रफूल म्हणजे दगडाला चिकटून राहणारा प्राणी, पाण्यात तो फुलासारखा उमललेला असतो आणि काही लागलं की मिटतो. माझा नातू अर्धा तास एकाच डबक्यापाशी उकिडवा बसून होता. हात मागे बांधून नुसतं बघायचं, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. दगड उलटला तर तो होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या अंगाला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही.

*

आजींनी लिहिलंय ते खरं, फक्त दगडांवर चढू देऊ नका. ज्या पट्ट्यापर्यंत दगड काळा-हिरवा दिसतो तिथवर पाणी येतं आणि तिथे शेवाळ असतं. माझा पाय तिथेच सटकला. पडण्यापेक्षा वाईट म्हणजे दगडांवरच्या धारदार कवचांनी पोटरी सोलून निघाली. दगडांमधल्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, लाटेचा जोर त्यांत जिरतो. मुलाचा पाय त्या फटीत सहज अडकेल. आता मुलांच्या पायांत घट्ट रबरी तळाचे बूट असतात, चपला नाहीत.

*

मला एकदा त्या प्रवाहाने नेलं. कंबरभर पाण्यात होतो, तळ सुटला आणि किनारा लांब जाताना दिसू लागला. मी किनाऱ्याकडेच हात मारत राहिलो आणि थकलो. शेवटी उताणा झालो, तरंगलो, एक हात वर केला. जीवरक्षकाने फळीवर घेतलं. नंतर त्याने सांगितलं की मोकळ्या किनाऱ्यावर प्रवाहाला आडवं कुठल्याही बाजूला पोहून निघता येतं, पण इथे एका बाजूला दगड असतात, म्हणून दगडांपासून दूर जाणारी एकच बाजू उरते. तेव्हापासून लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच आम्ही उतरतो, तेवढ्याच भागावर त्यांची नजर असते. लाल झेंडा असला तर मुलं कितीही रडली तरी वाळूतच खेळायचं.

*

खड्ड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. वाळूत खोल खड्डा खणून मुलं आत बसतात, आणि कडा ढासळली की वाळू क्षणात अंगावर येते. आमच्याकडे सर्वात धाकट्याच्या गुडघ्याएवढाच खड्डा चालतो, आणि निघताना तो बुजवायचा.

*

मी बांधावरून गळ टाकतो. पालकांना विनंती, गळ टाकणाऱ्याच्या पाठीमागून मुलांना नेऊ नका, काठी मागे जाते तेव्हा गळ डोळ्यांच्या उंचीवर असतो. आधी हाक मारा, आम्ही थांबतो. तुटलेले दोरे आणि गळ मी पिशवीत घालून नेतो, पण सगळेच नेत नाहीत, म्हणून बांधालगतच्या वाळूत अनवाणी फिरू देऊ नका.

*

धागा काढणारी मीच पुन्हा. काल गेलो होतो. ओहोटीची वेळ बघून, रुंद अंगाला, पावलं मोजून. लेकीने स्वतः काठी रोवली आणि पाण्यात असताना दर थोड्या वेळाने मान वळवून ती काठी कुठे आहे ते बघत होती. दोनदा ती आपणहून मागे सरकली. समुद्रफूल मात्र सापडलं नाही, आजी, ते कुठल्या डबक्यात शोधायचं ते सांगाल का?