विषय: नवीन टीव्हीला पिवळ्या वायरीचं भोकच नाही (शनिवार!!)

नाना, एडिसन

मंडळी, नमस्कार.

९६च्या नाटकाची कॅसेट अखेर सापडली. हिच्या पैठण्यांच्या बॅगेत होती, कशी गेली विचारू नका. तळघरातला व्हीसीआर वर आणला, अजून फिरतो. पण मुलाने घेऊन दिलेल्या ६५ इंची टीव्हीच्या मागे व्हीसीआरच्या तीन वायरी, म्हणजे आवाजाच्या लाल-पांढरी आणि चित्राची पिवळी, खोचायला जागाच नाही. एचडीएमआयची तीन भोकं आहेत आणि कडेला हेडफोनसारखं एक बारीक भोक, त्यावर 'एव्ही इन' लिहिलंय. शनिवारी सगळे नाटक बघायला आमच्याकडे जमणार, पिठलं-भाकरी ठरलेलीच आहे, पण बघायचं काय? लवकर कळवा.

बंटी

नानाकाका, त्या बारीक भोकासाठी एक छोटी जोडवायर येते. एका टोकाला ३.५ एमएमची पिन, दुसऱ्याला तीन रंगांची भोकं. व्हीसीआरची वायर त्यात जाते. टीव्हीच्या खोक्यात असेल, थर्माकोलच्या खाली बघा. पिनवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच असतील तर ती साध्या हेडफोनची, तिच्यातून चित्र जाणार नाही.

बेबीताई

एवढी खटपट कशाला? मंडळाची ५० फुटी केबल आहे ना, दिवाळीला प्रोजेक्टरसाठी घेतलेली? ती लावा की. कोणाकडे आहे ती सध्या? गणपतीला मागितली तेव्हाही तीन घरं फिरून मिळाली होती.

अप्पा (खजिनदार)

केबल माझ्याकडे आहे आणि वहीत नोंद आहे. न्यायची असेल तर सही करून न्यावी. तीन घरं फिरली कारण नेणाऱ्यांनी परत आणून दिली नाही, हेही ह्या ईमेल लिस्टवर असू दे.

दुसरं म्हणजे ती केबल एचडीएमआयची. नानांच्या व्हीसीआरला एचडीएमआय नाही. टोकं जुळायला नकोत?

बंटी

अप्पाकाका बरोबर. शिवाय ती ऑप्टिकल आहे, म्हणजे आतून उजेडाने चित्र नेणारी, एकाच दिशेने चालते. एका टोकावर बारीक अक्षरात 'सोर्स' छापलंय, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. दिवाळीला उलटी लावली होती म्हणून २० मिनिटं पडदा काळा होता. नाव घेत नाही.

बेबीताई

नाव घे हवं तर. मी चष्मा घरी विसरले होते. आणि स्टेजवर अंधार कोणी केला होता तेव्हा?

नाना, एडिसन

खोकं रिसायकलमध्ये गेलं. पण जुन्या कॅमकॉर्डरच्या पिशवीत हुबेहूब तशीच वायर मिळाली, रेघाही तीन. लावली. टीव्हीतून नुसती घुर्रर्र. चित्र नाही.

बंटी

काका, कॅमकॉर्डरची वायर दिसायला तीच, पण पिनेच्या कुठल्या कड्यावर काय जातं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. चित्र आवाजाच्या वाटेने जातंय, म्हणून घुरघुर. रंगांवर विश्वास ठेवू नका. व्हीसीआरचं पिवळं टोक लाल भोकात घालून बघा, मग पांढऱ्या भोकात. दोन्हीकडे नाही आलं तर अर्थिंगची कडीच वेगळी, ती वायर सोडून द्या.

मंगलमावशी

आमच्याकडे उलटा प्रकार. तीन भोकं आहेत, पण पिवळं वेगळं नाही, हिरव्याभोवतीच पिवळी कडा. तिथे लावलं तर चित्र आलं, पण काळं-पांढरं! ह्यांना वाटलं कॅसेट खराब झाली. महिनाभर आम्ही भाचीची मुंज तशीच बघितली. मग नातवाने रिमोटवर 'कंपोनंट'चं 'एव्ही' केलं आणि सोवळं एकदम लाल झालं.

ते असो. शनिवारी माझ्या बहिणीच्या लग्नाची पुण्याहून आलेली कॅसेट आणू का? दीड तासाचीच आहे.

अप्पा (खजिनदार)

मावशी, 'कंपोनंट'मध्ये हिरव्या वायरीतून नुसता उजेड-अंधार जातो, रंग बाकीच्या दोन वायरींतून. तुमच्या पिवळ्या वायरीत सगळं एकत्र होतं, ते टीव्हीने उलगडलंच नाही.

पुण्याची कॅसेट 'पाल' असणार, ती भारतातली पद्धत. चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला ५० वेळा. इथला व्हीसीआर अमेरिकेतल्या 'एनटीएससी' पद्धतीचा, म्हणजे ५२५ ओळी, ६० वेळा. नवरा-नवरी नुसते वरखाली पळताना दिसतील. नानांनी मुंबईहून आणलेला मल्टीसिस्टिम व्हीसीआर होता ना? त्याला २२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागायचा, तो उचलताना माझी पाठ भरली होती. ९८ साल.

बेबीताई

दीड तास लग्न? आधी नाटक होऊ दे.

नाना, एडिसन

मल्टीसिस्टिम केव्हाच गेला.

पिवळं लाल भोकात घातलं तर चित्र आलं, रंगीत! पण आवाज एकाच बाजूने, आणि वायर जरा हलली की सगळं जातं. उदबत्तीच्या खोक्याचा टेकू दिलाय. वीस माणसांत कोणाचा पाय लागला तर संपलं.

बंटी

मग सरळ डबी घ्या. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी असते, एका बाजूला लाल-पांढरं-पिवळं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. घेताना नाव नीट वाचा: 'एव्ही टू एचडीएमआय' हवी. 'एचडीएमआय टू एव्ही' दिसायला तशीच आणि शेजारच्याच हुकाला लटकलेली असते, पण ती उलट्या कामाची. मी एकदा तीच आणली होती. डबीला यूएसबीची वीज द्यावी लागते, टीव्हीच्याच यूएसबीतून चालेल.

एचडीएमआय केबल सहा फुटी, स्वस्तातली घ्या. सगळ्यात वेगवान, ४८ गिगाबिटवालीसाठी दुकानदार गळ घालेल, तिचा इथे काडीचा उपयोग नाही. कॅसेटमध्ये आहे तेवढंच दिसणार.

मंगलमावशी

सोन्याचा मुलामा असलेली चांगली म्हणतात ना?

बंटी

मावशी, सोनं गंजत नाही, एवढंच. चित्र त्याने उजळत नाही.

नाना, एडिसन

डबी आणली. १४ डॉलर. योग्य दिशेची आहे, दोनदा वाचून घेतली. चित्र आलं, आवाज दोन्ही बाजूंनी. फक्त सगळे आडवे पसरलेत. अप्पा तर दारात मावणार नाहीत असे दिसतात.

बंटी

रिमोटवर पिक्चर साइझ '४:३' करा. कडेला काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या.

अप्पा (खजिनदार)

मी तेव्हा ६४ किलो होतो. ४:३च ठेवा, कोणी बदलू नये.

नाना, डबी वैयक्तिक खरेदी धरतो. मंडळाच्या खात्यात टाकायची तर सभेत विचारावं लागेल आणि पावती लागेल.

नाना, एडिसन

पावती खोक्यातच राहिली. खोकं हिने सकाळीच टाकलं. राहू दे.

बेबीताई

भाकऱ्या चाळीस आणतेय. ठेचा कोण करतंय?