कोपऱ्यावरच्या गॅस्ट्रोपबमध्ये पुन्हा जेवायला जावं की नाही?

टूटिंगकर:
काल इथे एका गृहस्थांनी गॅस्ट्रोपबबद्दल, म्हणजे चांगलं जेवण देणाऱ्या पबबद्दल, लिहिलं, "गॅस्ट्रोपबमध्ये एकदाच जेवावं. दुसऱ्यांदा गेलं की चव उतरलेली आणि बिल चढलेलं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नोव्हेंबरात आम्ही दोघं आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये पहिल्यांदा जेवलो. पोर्क बेली, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस. वरची साल पापडासारखी, सुरी टेकवली की कडकन मोडायची. मे महिन्यात पुन्हा गेलो तर मेनूच्या फळ्यावर ती नव्हतीच. नुकताच निघालेला इंग्लिश अ‍ॅस्परॅगस होता (शतावरीचे कोंब), लोण्यात परतलेला, वर अंडं. बायको हिरमुसली, पण पहिल्या घासानंतर तक्रार संपली.

गॅस्ट्रोपबची रीतच ही. 1991 साली डेव्हिड आयर आणि माइक बेल्बेन यांनी लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर 'द ईगल' हा पहिला गॅस्ट्रोपब सुरू केला तेव्हा शेगडी बारच्या मागेच, मेनू फळ्यावर खडूने. बाजारात जे चांगलं मिळेल ते शिजवायचं. तिथे जाऊन जुनीच चव मागणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत हुरडा मागणं.

हॅरोची काकू:
ईगलचं नाव घेतलंत तर पूर्ण सांगा. तिथलं स्टेक सँडविच पहिल्यापासून आजतागायत फळ्यावर आहे. बाकी सगळं बदलतं, ते बदलत नाही. माणूस परत जातो तो अशा एका खात्रीच्या पदार्थासाठी. आमच्या पबने रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, बिघडवला. सोबतचं यॉर्कशायर पुडिंग (मैदा-अंड्याचं फुगलेलं) चिवट, ग्रेव्हीवर साय धरलेली. त्याला काय ऋतू आड आला?

स्मेदिकचा भाऊ:
काकूंशी सहमत. आमच्याकडे देसी, म्हणजे भारतीय जेवण देणाऱ्या, पबमध्ये मी बारा वर्षं तेच मिक्स्ड ग्रिल खातोय. तव्यावर चरचरत येतं, कांदा खाली जळालेला. एक दिवस जरी चुकलं तरी मालकाला तोंडावर सांगतो.

वेम्बलीवाला:
चवीचं सोडा हो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ऑर्डर मी बारवर जाऊन दिली, ग्लास मीच उचलून आणले, आणि 84 पौंडांच्या बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज. साडेदहा पौंड कशाचे? मी काढायला लावला. त्या पबमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही.

लुईशमची लेक:
दादा, मी शिकत असताना दोन वर्षं अशाच एका पबमध्ये प्लेट उचलल्या आहेत. तुम्ही काढायला लावलेत ते साडेदहा पौंड मालकाचे नव्हते. 1 ऑक्टोबर 2024 पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्ण कामगारांना द्यावा लागतो, तसा कायदाच आहे. आत भांडी घासणाऱ्या मुलाच्या हातून गेले ते.

वेम्बलीवाला:
मग मालकाने पगार नीट द्यावा! सगळ्यांचा संसार मी चालवायचा का? आणि बिलावर "ऐच्छिक" छापता, मग मी नाही म्हटलं तर वेट्रेसने तोंड का वाकडं करावं?

लुईशमची लेक:
कारण ती आठ तास उभी असते. रविवारी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर मी मागच्या दारात बसून बूट काढायचे तेव्हा मोजे पायाला चिकटलेले असायचे. तुम्ही बारवरून दोन ग्लास आणलेत, बाकी रोस्टची प्लेट चालत आली का?

हॅरोची काकू:
पोरीचं बरोबर आहे. पण चार्ज आधी फळ्यावर लिहा, बिल हातात पडल्यावर नको. मलाही तेच खुपलं होतं.

वेम्बलीवाला:
ठीक. पैसे मुलांना जात असतील तर पुढच्या वेळी देईन. बारवर रांग लावायला लावतात त्याचा राग मात्र जाणार नाही.

टूटिंगकर:
मूळ प्रश्न बाजूलाच पडला. काकू, रोस्टचं मला मान्य करावं लागतंय. जे पब कायम ठेवतो ते त्याला जमलंच पाहिजे. पण रविवारी तीन वाजता पबची परीक्षा घेऊ नका. आचारी घामाने निथळत असतो, ग्रेव्ही पातेल्यात तासन् तास बसलेली असते. आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी जा, फळ्यावर खडू ओला असतो तेव्हा.

हॅरोची काकू:
बुधवारी जाते. ग्रेव्ही गार आली तर इथेच येऊन लिहीन.