नव्या देशातली तुमची पहिली पायवाट

शेफील्डला आल्यावर पहिले सहा महिने मला घर, ऑफिस आणि देशी दुकान एवढंच इंग्लंड माहीत होतं. मग शेजारच्या आजोबांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा नकाशा हातात दिला. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा दाखवून म्हणाले, इथून बिनधास्त चालायचं, कोणाला विचारायचं नाही. मला पटेना. रेष सरळ कुणाच्या तरी शेतातून गेलेली! आपल्याकडे वीतभर बांधापायी दोन पिढ्या कोर्टात जातात.

गेलो तर खांबावर पिवळा बाण आणि गव्हातून एका माणसापुरती वाट. समोरून ट्रॅक्टर आला. आता हा शिव्या घालणार म्हणून थबकलो, तर त्याने हात केला. शेत नांगरलं तरी ती वाट पुन्हा मोकळी करून देणं कायद्याने शेतकऱ्याचंच काम, हे नंतर कळलं.

पुढे गडगा लागला. हो, गडगाच! चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड, अगदी आमच्या राजापूरसारखा. फक्त जांभ्याऐवजी काळपट वालुकाश्म. दोन उभ्या शिळांमध्ये अरुंद फट ठेवलेली. मेंढी अडते, माणूस आडवा होऊन निघतो. माझं पोट अडकलं. घरचं बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, आठवलं आणि एकटाच हसत बसलो.

याच डोंगरांत, किंडर स्काउटवर, एप्रिल १९३२ मध्ये चालण्याच्या हक्कासाठी शेकडो कामगार पोरं मुद्दाम बेकायदा घुसली होती. पाच जण तुरुंगात गेले. १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते इथेच.

तुमचं काय? प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते. घरामागची वाट सांगा.

विंटरथूर, स्वित्झर्लंड
आमच्याकडच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. ‘१ तास २० मि.’ वाचून निघालो. त्यात थांबणं धरलेलं नसतं, हे दशम्या, चटणी आणि थर्मासातला चहा संपल्यावर कळलं. शेवटची बस गेली होती. बाकी पांढरी-लाल-पांढरी खूण दिसली तर बूट बरे हवेत, आणि पांढरी-निळी-पांढरी दिसली तर आमच्यासारख्यांनी मागे फिरावं. गंमत म्हणजे वाटेवर अनोळखी माणूसही ‘ग्रुएत्सी’ म्हणतो. तोच माणूस बसमध्ये भेटला तर खिडकीबाहेर बघतो!

न्यू जर्सी
पळसाला पाने तीन म्हणतात ना, इथे पॉयझन आयव्हीलाही तीनच. मी कौतुकाने हात लावला. दोन आठवडे खाजवत होते. आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे गोचीड बघा, लाइमचा आजार तिच्यामुळेच होतो.

ऑकलंड
जंगलात शिरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासून जंतुनाशकावर उभं राहावं लागतं. कौरीची झाडं मातीतून पसरणाऱ्या रोगाने मुळापासून मरतात, आणि ती माती आपल्याच बुटांना चिकटून पुढे जाते. मला सुरुवातीला फार कटकट वाटायची. सासूबाई आल्या तेव्हा मी समजावून सांगेपर्यंत त्या चपला काढून उभ्या. ‘अनवाणीच जायचं ना आत?’ दोघींना बूट घालून पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.

गोथेनबर्ग, स्वीडन
वरच्या गव्हावरून आठवलं. इथे कुणाच्याही मालकीच्या जंगलात फिरता येतं, ब्लूबेरी तोडता येतात. घराच्या अंगणात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही, एवढंच. बाबा आले होते तेव्हा जुलै संपत आला होता. करवंदांच्या जाळीत वाढलेला माणूस, पण इथे दर झुडपापाशी विचारायचे, ‘मालक कोण?’ कोणी ओरडत नाही हे पटायला एक रविवार गेला. सोमवारी मी ऑफिसातून आले तर घर रिकामं आणि पोळ्यांचा मोठा डबा गायब. सात वाजता बाबा आले. बोटं, ओठ, सदरा, सगळं जांभळं, आणि डब्याचं झाकण लागत नव्हतं.