‘कामेच्छेचा अभाव’ की ‘ओढीतला फरक’?

जोडप्यांच्या ऑनलाइन समुपदेशनासाठी एक प्रश्नावली आहे, तिचं मराठी मी जळगावात बसून करतेय. नवराबायकोपैकी एकाला शरीरसंबंध हवासा वाटतो, दुसऱ्याला तितका वाटत नाही, याला इंग्रजीत ‘डिझायर डिस्क्रेपन्सी’ म्हणतात. कच्च्या मसुद्यात ‘कामेच्छेचा अभाव’ असं आलंय आणि ते मला सहन होत नाही. फरक दोघांच्या मधे असतो. अभाव म्हटलं की तो एकाच्या माथी बसतो, बहुतेकदा बाईच्या. आणि पुरुषाचं मन होत नसेल तर आपण सरळ ‘कमजोरी’ म्हणून मोकळे होतो! शरीर साथ न देणं वेगळं, मन न होणं वेगळं. शब्द सुचवा.

प्रतिसाद (धुळे) : ‘वासनाभेद’ चालेल? वासना मुळात वाईट नाही. आजारी माणूस ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणतो, तेव्हा कोणी खाली मान घालत नाही.

प्रश्नकर्ती : दाखला अगदी बरोबर आहे, दादा. पण ‘वासनांध’ने तो शब्द पार नासवलाय. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, त्यापायी खटले सोसले, तरी हे शब्द आपल्या तोंडात अजून मोकळे झाले नाहीत.

मागच्या आठवड्यात एका जोडप्यासोबत प्रश्नावली वाचून पाहिली. घरात माणसं, म्हणून दोघं गच्चीवर बसलेली, एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात. पडद्यावर दोनच चौकोन होते : ‘इच्छा आहे’, ‘इच्छा नाही’. ताईंचं बोट कितीतरी वेळ मधेच थांबलं. मग हळूच म्हणाल्या, “माले मन व्हत नही.” समुपदेशकाने ‘इच्छा नाही’वर खूण केली, तशा त्या लगबगीने म्हणाल्या, “नही नही, तसं नही.”

व्याकरण बघा. ‘माझी इच्छा नाही’ हा नकार आहे; तिथे विषय संपला. ‘मला मन होत नाही’ हे सांगणं आहे, तिथे कारण विचारता येतं : अंगावर पिणारं बाळ, थायरॉइड, मधुमेह, नैराश्यावरच्या काही गोळ्या, अपुरी झोप, मनात साचलेला राग. जबरदस्ती दोन्हीकडे नकोच. लैंगिक आरोग्याच्या अभ्यासक डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं की अनेक स्त्रियांना इच्छा आधी होत नाही, मायेची जवळीक सुरू झाल्यावर जागी होते. पानावर बसल्यावर भूक लागावी, तसं. ‘होणे’ या क्रियापदात हे सगळं मावतं.

प्रतिसाद (पारोळा) : मग ‘ओढ’ घ्या ना.

प्रश्नकर्ती : ‘ओढ’ मलाही आवडला, पण आमच्याकडे कपाशी पेरून बसलेल्याला ‘पावसाने ओढ दिली’ हेच आधी आठवेल.

प्रतिसाद (पारोळा) : म्हणूनच घ्या. ओढ वाटणं म्हणजे खेच, ओढ देणं म्हणजे लांबवणं. एकाला ओढ वाटते, दुसऱ्याकडून ओढ बसते. दोघंही एकाच शब्दात आले, आणि दोषी कोणीच नाही.

प्रश्नकर्ती : हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता प्रश्न असा केलाय : ‘तुम्हा दोघांच्या ओढीत फरक वाटतो का?’ खाली तीन चौकोन : ‘मन होतं’, ‘मन होत नाही’, ‘इच्छा नाही’. अहिराणी प्रतीत मधला चौकोन ताईंच्याच शब्दांत ठेवतेय.