संस्था चालवणाऱ्यांना कोच हवा की चार भरवशाची माणसं?

नदीकाठची
आमच्या सामाजिक संस्थेच्या देणगीदार कंपनीने सुचवलंय, संस्थाप्रमुखांनी सहा महिने कोचिंग घ्यावं, म्हणजे बाहेरच्या जाणत्या माणसासोबत बसून आपल्या कामाच्या अडचणींवर बोलावं. फीचा काही भाग तेच देणार. मला मात्र वाटतं, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पाच-सहा संस्थाप्रमुखांचा कायमचा गट जमला तर तो कोचपेक्षा जास्त कामाचा.

अडचण सांगायची कुणाला, हाच तर प्रश्न आहे. विश्वस्तांना सांगितली की माझ्या कुवतीवर शंका. कर्मचाऱ्यांना सांगितली की ते दुसरी नोकरी बघायला लागतात. देणगीदाराला सांगितली की पुढचा हप्ता लटकला. 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यात राबलो, 2021 ला पुन्हा तेच. पूर ओसरल्यावर आमची चांगली माणसं थकून सोडून गेली. त्यांना थांबवायला हवं होतं का, हे विचारायला कुणी नव्हतं.

महिन्यातून एकदा बसायचं. एकाने अडचण मांडायची, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ रेग रेव्हन्स यांनी 1940 च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना असंच एकमेकांकडून शिकायला बसवलं होतं.

तालीमवाला
ताई, राग मानू नका, पण हे पोट भरलेल्यांचे चोचले. आमच्या बालवाडीच्या ताईंचं मानधन थकलंय आणि मी गोल करून बसू? आणि नुसते प्रश्न? तालमीत वस्ताद पोराला ‘तुला काय वाटतं, कुठला डाव मारावा?’ असं विचारत नाही. मान धरतो आणि दाखवतो. मला उत्तर पाहिजे.

नदीकाठची
ऑडिटचं उत्तर सीए देतो की दादा. पण सुरुवातीपासून सोबत असलेल्या सहकाऱ्याला आता काम झेपत नाही, त्याचं काय करायचं? त्यावर कुठला वस्ताद डाव दाखवणार?

तालीमवाला
ते खरंय. तरीबी फीचे पैसे ताईंच्या मानधनाला द्या म्हणेन मी.

हिशेबनीस
दोघांनाही एक सांगतो. सीएसआरमधली, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकामावर करावा लागणाऱ्या खर्चातली, प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, संस्थेच्या नाही. आपल्याकडे निम्मे लोक ती स्वतःला लावून घेतात आणि प्रस्तावात माणसं घडवण्याचा खर्च मागतच नाहीत. परदेशी निधीची गोष्ट वेगळी. त्याच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने तिथे प्रशासकीय खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आलाय, तिथे हात आखडताच राहणार. गटाला मात्र चहाशिवाय खर्च नाही, म्हणून माझं मत गटाला.

गल्लीतला जाणकार
खर्च जाऊ द्या, गुप्ततेचं बोला. आपल्या गावात सकाळी राजारामपुरीत बोललेलं दुपारी कसबा बावड्यात पोचतं. शिवाय गटातले सगळे त्याच चार कंपन्यांच्या दारात उभे. माझे विश्वस्त भांडतायत हे मी माझ्याच स्पर्धकाला सांगू? बाहेरचा, पैसे घेणारा कोच परवडला. त्याला निदान माझ्या निधीत रस नाही.

नदीकाठची
या मुद्द्यावर मात्र मी अडते. सांगली-साताऱ्याची माणसं घेतली तर? वेगवेगळ्या विषयांतली, म्हणजे एक शाळेचा, एक अपंगांसाठी काम करणारा, एक शेतीतला.

गल्लीतला जाणकार
कंपनी त्याच यादीतून निवडते हो, शाळा काय नि शेती काय.

हिशेबनीस
मग पहिल्या बैठकीतच ठरवा: कोण कुठे प्रस्ताव टाकतंय ते उघड सांगायचं. लपवाछपवीनेच जास्त बिघडतं.

तालीमवाला
हे जमलं तर मी येतो. पण एक अट. देणगीदाराला गटात बसवायचं नाही, फोटोला सुद्धा नाही.

नदीकाठची
मान्य. आता त्यांना हे कळवायचं कसं, तेवढं सांगा. त्यांच्या पत्रात ‘आमचा प्रतिनिधी उपस्थित राहील’ असं आधीच लिहिलंय.