बटाट्याची की रायची? पोलंडहून मामांसाठी व्होडका न्यायची आहे

इस्लामपूर_ते_व्रोत्सवाफ

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून पोलंडमध्ये व्रोत्सवाफला नोकरीला आहे. पुढच्या महिन्यात मोठ्या मामांच्या एकसष्टीला गावी येतोय. मामांनी आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय: "येताना तिकडची चांगली व्होडका आण, भेसळ-बिसळ नसलेली."

मी स्वतः बिअरच्या पुढे कधी गेलो नाही. परवा दुकानात गेलो तर एक अख्खी भिंत व्होडकाची. कुणी पाच वेळा डिस्टिल केलेली, कुणी कोळशातून गाळलेली, कुणी चांदीतून. अर्धा लिटर एकीकडे ३० झ्वोटी, शेजारची १२०. सगळ्या पाण्यासारख्याच दिसतात. मुळात ही बनते कशी, आणि चांगली ओळखायची कशी? मामांना उगाच महागडी बाटली नेऊन द्यायची नाही, खरंच चांगली न्यायची आहे.

नाशिककर

जास्त विचार करू नका. डिस्टिलेशनचा आकडा मोठा असेल ती घ्या आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घशाखाली कशी उतरली कळणारही नाही.

शिफ्ट_केमिस्ट

नाशिककर, राग मानू नका, पण निवडताना फ्रीझर नकोच. गारठ्यानं वास दबतो आणि वाईट मालही खपून जातो. मामा नंतर खुशाल थंड करून घेऊ देत.

मी सांगलीकडच्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ ईएनएच्या प्लँटवर. ईएनए म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. आपल्याकडच्या बहुतेक व्होडकांचं मूळ तेच, कुठे उसाच्या मळीपासून केलेलं, कुठे धान्यापासून. तेव्हा जे सांगतोय ते नाकानं आणि हातानं शिकलेलं आहे.

बनते अशी. राय (गव्हासारखंच एक धान्य), गहू किंवा बटाटा शिजवायचा म्हणजे स्टार्च मोकळा होतो. एन्झाइमनं त्या स्टार्चची साखर करायची. मळीत साखर आयतीच असते, म्हणून आमची ही पायरी वाचायची. मग यीस्ट. तीनेक दिवसांत वॉश तयार होतो, त्यात अल्कोहोल ८-१० टक्के. तो वॉश कॉलममध्ये, म्हणजे डिस्टिलेशनच्या उंच टॉवरमध्ये, चढवायचा. तुझ्या पोलंडात हे काम दोन ठिकाणी होतं: शेतीभागातल्या छोट्या डिस्टिलऱ्या ९० टक्क्यांच्या आसपासचं कच्चं स्पिरीट काढतात आणि मोठे कारखाने ते पुन्हा चढवून ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करतात. त्यात पाणी घालून ४० वर आणलं की व्होडका. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ दिसतं, युरोपात ३७.५ च्या खाली गेलं तर तिला व्होडका म्हणता येत नाही.

आता "पाच वेळा डिस्टिल" चं. कॉलममध्ये एकावर एक अशा कित्येक प्लेटा असतात. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो आणि प्रत्येक प्लेटवर थोडं डिस्टिलेशन होतच असतं. एकाच फेरीत पन्नास पायऱ्या चढलेल्या मालाला "पाच वेळा" म्हणण्यानं काय सिद्ध होतं? शिवाय साध्या डिस्टिलेशननं ९७ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आणि पाणी एकमेकांना सोडतच नाहीत, कितीही वेळा चढवा. खरी कसोटी असते ती काय बाजूला काढलं याची. आधी येणारे हेड्स, त्यांना नेलपॉलिशसारखा उग्र वास. कॉलमच्या मधल्या प्लेटांवर साचणारं फ्युजेल ऑइल, ते तेलकट, डोकं धरायला लावणारं. वरिष्ठांना उत्पादन वाढवून हवं असायचं, म्हणजे हेड्स कमी काढा. मी त्यावरून खूप भांडलोय. एक टक्का वाचवायच्या नादात अख्खी टाकी चरचरीत होते.

तपासायचो असं. स्पिरीटमध्ये परमँगनेटचं ठरलेलं माप टाकायचं आणि गार पाण्यात ठेवून घड्याळ लावायचं. जांभळा रंग जितका उशिरा उडेल तितका माल स्वच्छ. अर्धा तास टिकला की मी सही करायचो. पण त्याआधी दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळायचे. अल्कोहोल क्षणात उडतं, जे मागे राहतं ते हुंगायचं. मळीचं स्पिरीट नीट निघालं नसेल तर गुऱ्हाळाच्या काहिलीसारखा जड गोडसर वास राहतो.

दुसरी निम्मी गोष्ट पाण्याची, कारण बाटलीत ६० टक्के तेच आहे. आमच्या शेजारी एक बॉटलिंग युनिट होतं. एका उन्हाळ्यात त्यांच्या बोअरच्या पाण्यातला चुना काढणारा सॉफ्टनर संपला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माल भरला तेव्हा काचेसारखा होता. चौथ्या दिवशी मला बोलावलं. बाटली उलटी करून उजेडाकडे धरली तर तळातून पांढरी धूळ उठली, दुधात लिंबू पडल्यावर सुरुवातीला दिसतात तसे बारीक कण. पाण्यातला चुना अल्कोहोलमध्ये विरघळून राहत नाही, तो हळूहळू खाली बसतो. गोदाम भरून माल परत फिरवावा लागला. दुकानात तूही बाटली उलटी करून बघ, कण दिसले तर ठेवून दे.

कोळशातून गाळणं मात्र खरं आणि जुनं आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गमध्ये लोविट्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं कोळसा वास ओढून घेतो हे दाखवलं, तेव्हापासून चालत आलंय. चांदी नि प्लॅटिनमला मी एक झ्वोटीही जास्त देणार नाही.

तुझ्यासाठी एवढंच: बाटलीवर "पोल्स्का वुडका" ही खूण शोध. २०१३ पासून तिथल्या कायद्यानं ती पोलंडात पिकलेल्या राय, गहू, बार्ली, ओट्स, ट्रिटिकेल (गहू-रायचा संकर) किंवा बटाट्यापासूनच करावी लागते. लेबलवर "झितो" असेल तर राय, "झ्येम्न्याकी" असेल तर बटाटा. विबोरोवा रायची, लुक्सुसोवा बटाट्याची, दोन्ही खिशाला परवडणाऱ्या. बेल्व्हेडेर रायची आणि शोपँ बटाट्याची, या महागातल्या. बटाट्याची महाग पडते त्यालाही कारण आहे. बटाट्यात स्टार्च १५-२० टक्केच, म्हणून एक लिटर व्होडकेला चारेक किलो लागतात, रायला सव्वा किलोच्या आतबाहेर.

आधी छोट्या बाटल्या आण. खोलीच्या तापमानाला, निम्मं साधं पाणी घालून, पेल्यात नाक घालून हुंग. पाण्यानं दडलेले दोष वर येतात. लॅबमध्ये आम्हीही तसंच करायचो.

म्हापशेकर

केमिस्टसाहेबांच्या माहितीत थोडी भर. आमच्याकडे काजूच्या भाटीवर याच्या अगदी उलट चालतं. बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, रस आंबवून पहिल्या फेरीत हुर्राक, पुढच्या फेरीत फेणी. काजूचा वास राहावा म्हणून सगळा खटाटोप. माझे वडील पहिल्या धारेचा वास घेऊन सांगायचे बोंडू कुठल्या बाजूच्या डोंगरावरचे. वास काढून टाकायला एवढी मेहनत घेतात हे आज नीट समजलं.

सातारकर८४

काका, चार किलो बटाट्यात होत असेल तर घरी कुकरवर जमेल का?

शिफ्ट_केमिस्ट

नाही. परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे, आणि अल्कोहोलची वाफ गॅसच्या शेगडीजवळ म्हणजे स्फोटाला आमंत्रण. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. हा विषय इथेच सोड बाळा.

म्हापशेकर, तुमच्या वडिलांचं नाक आमच्या लॅबला हवं होतं.

इस्लामपूर_ते_व्रोत्सवाफ

काका, सांगितलं तसंच केलं. तीन छोट्या बाटल्या आणल्या, तिन्हीत निम्मं पाणी. स्वस्तातलीनं नाकात झिणझिण्या आणल्या, रंगाच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं. रायची कोरडी, थोडी मिरमिरीत, भाकरीच्या करपलेल्या कडेची आठवण झाली. बटाट्याची जाडसर, जिभेवर साय असल्यासारखी, वास ओल्या मातीचा. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं.

शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते रायच्या बाजूचे. मी कोल्हापूरजवळचा म्हटल्यावर एकदम उठून उभे राहिले. त्यांची आत्या १९४० च्या दशकात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत लहानाची मोठी झालेली. त्यांनी मामांसाठी घरची लोणच्याची काकडी बांधून दिलीय. व्होडकेबरोबर इथे तीच खातात.

एक रायची आणि एक बटाट्याची नेतोय, प्रत्येकी ७०० मिली.

शिफ्ट_केमिस्ट

छान. विमानतळावर २ लिटरपर्यंत चालतं, तू आत आहेस. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेव. काकडीचं झाकण टेपनं बंद कर. मामांना आधी रायची दे, बर्फाशिवाय, आणि काय म्हणाले ते इथे लिही.