घरकर्जाआधी सिबिल पाहिलंत का? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

आमच्या शेजारी मागच्या महिन्यात पेढे वाटले. बायपासकडे फ्लॅट ठरला, दोन लाखांचा बयानाही देऊन झाला. तीन आठवड्यांनी बँकेनं अर्ज परत पाठवला. कारण? सिबिल, म्हणजे आधीची कर्जं आणि कार्डांची बिलं वेळेवर फेडलीत का, त्याचा स्कोअर. बयाना अजून बिल्डरकडेच आहे. शेजारी जिन्यात भेटले की "पाहू, बोलणं चालू आहे" एवढंच म्हणतात. त्यावरून हा धागा.

मला ठाऊक आहे ते थोडक्यात. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर असला की बँका खूश. डालडासारखं आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, पण असा स्कोअर काढणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकांची नावं लिहू नका, उपदेशही नको. तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगा.

कपाटातलं कार्ड, विजयनगर

मी लिहितो, कारण माझा मूर्खपणा अगदी ताजा आहे. २०१७ मध्ये पुण्यात नोकरीला होतो. पगाराच्या खात्याबरोबर एक क्रेडिट कार्ड आलं, ते लिफाफ्यासकट कपाटात टाकलं. नंतर इंदूरला परत आलो, पत्ता बदलला, कार्ड विसरलो. त्याची वार्षिक फी ४९९ रुपये होती. तिच्यावर कर, कराच्या वर दंड, दंडावर व्याज. बिलं पुण्याच्या पत्त्यावर जात राहिली.

एक दिवस फोन आला, "सर, साडेचार हजार बाकी आहे, दोन हजार भरा, फाईल बंद." मी भरले. वर बायकोला ऐटीत सांगितलं, अडीच हजार वाचवले.

घरासाठी अर्ज करायला गेलो तेव्हा बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. रिपोर्टात प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, तीन वर्षांचे. हप्ता वेळेवर असेल तर ०००, नसेल तर किती दिवस उशीर झाला तो आकडा. माझ्या कारच्या कर्जाच्या ओळीत ०००, ०००, ०००. कार्डाच्या ओळीत ३०, ६०, ९० असे चढत गेलेले आकडे, आणि शेवटी शब्द 'सेटल्ड'. मला वाटलं, चांगलाच शब्द आहे. बाई म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत. पूर्ण दिले असते तर 'क्लोज्ड' आलं असतं."

कर्ज मिळालं, पण अर्धा टक्का जास्त दरानं. ४० लाख, २० वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता ३४,७१३ बसला असता, नऊ टक्क्यांनी ३५,९८९ बसतो. दरमहा १,२७६ चा फरक, तो २४० महिन्यांत तीन लाखांच्या वर जातो. अडीच हजार वाचवल्याबद्दल! उरलेले पैसे नंतर भरले, ना-देय पत्र घेतलं, आता 'क्लोज्ड' दिसतं. दर कमी करा म्हणून अर्ज दिलाय.

रामबागेतली सून

आमच्यात अडकले सासरे. त्यांच्या मित्राच्या मुलाला गाडी घ्यायची होती, बाबा जामीन राहिले. "सही तर करायची होती," हे त्यांचं वाक्य घरात आता म्हणीसारखं झालंय. मुलानं हप्ते थकवले. बाबांनी कुणाचा रुपया बुडवला नाही, पण जामीनकीचं कर्ज त्यांच्या रिपोर्टात, थकबाकीसकट. घरकर्जात ते सहअर्जदार होते, त्यांना काढावं लागलं. मग आमची पात्रता घटली आणि तीन खोल्यांचं घर दोनावर आलं. मित्र अजून येतात, चहा होतो. त्या विषयावर कुणी बोलत नाही.

प्रश्न

स्वतः बघितलं की स्कोअर कमी होतो म्हणतात. म्हणून मी बघतच नाही. खरं का?

कपाटातलं कार्ड

नाही भिया. स्वतः पाहिल्यानं काही होत नाही. अर्ज केल्यावर बँक जे पाहते, त्याची नोंद लागते. माझ्या मेव्हण्याच्या एजंटनं एकाच आठवड्यात पाच बँकांत फाईल टाकली. पाचही चौकशा रिपोर्टात. सहाव्या बँकेनं विचारलं, इतकी निकड कसली?

लोकमान्यनगर, निवृत्त

आमचं उलटंच. आयुष्यात कर्ज घेतलं नाही, मुलालाही तेच शिकवलं. त्याचा स्कोअर उणे १ आला. मी म्हटलं, कर्ज न घेण्याची शिक्षा? तसं नाही, इतिहास नाही म्हणून अंदाज नाही, इतकंच. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. मुलाला मिळालं, पण पगाराच्या पावत्या आणि खात्याचे उतारे यांचा गठ्ठा देऊन. कर्जाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

राऊवाला

माझ्या रिपोर्टात सोनेतारण कर्ज. मी कधी सोनं गहाण ठेवलेलं नाही, ठेवण्याइतकं घरात नाहीही. नाव माझं, जन्मतारीख माझी, पत्ता दुसऱ्या राज्यातला. नावाचा एक भाऊबंद कुठेतरी व्याज थकवून बसला होता.

रिपोर्टावर कंट्रोल नंबर असतो, तो टाकून ऑनलाइन तक्रार केली. कंपनी स्वतः काही खोडत नाही, ज्यानं कर्ज दिलं त्याला विचारते. म्हणून मी त्या कर्ज देणाऱ्यालाही पॅनची प्रत जोडून वेगळं पत्र पाठवलं. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते, २०२४ च्या एप्रिलपासून. मी रोज मोजत होतो. सव्विसाव्या दिवशी नोंद निघाली. खरं सांगू, थोडी निराशाच झाली.

पण हे सगळं बयान्याच्या आधी चाललं होतं, म्हणून मोजायला मजा आली.

जेल रोडचा मोबाईल

एकच ओळ: 'बिनव्याजी हप्त्यावर' घेतलेला फोनही कर्जच असतो. शेवटचा हप्ता खात्यात पैसे नसताना परत गेला, ७९९ रुपयांचा, आणि बँकेत त्याबद्दल अर्धा तास बोललो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शेजाऱ्यांना हा धागा दाखवला. त्यांनी काल पहिल्यांदा पूर्ण रिपोर्ट काढला. २०१९ मधलं एक फ्रिजचं कर्ज त्यात अजून 'चालू' आहे, वर थकबाकी. काकू म्हणाल्या, सगळे हप्ते फिटले होते, पावत्या असतील कुठंतरी. फ्रिज तर गेल्या दिवाळीत भंगारात दिला. राऊवाले, कंट्रोल नंबर रिपोर्टात नेमका कुठं असतो?

राऊवाला

पहिल्याच पानावर, वर. आणि काकूंना म्हणावं, आधी पावत्या शोधा.